साडेअकरा गुण आणि बुद्धिबळाचे वीस पट

आमच्या महिला मंडळाचं वार्षिक संमेलन संक्रांत ते रथसप्तमीच्या मधल्या एखाद्या रविवारी बेळगावच्या शाहापुरात असतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवाल, जमाखर्चाला मंजुरी, सगळं नेहमीप्रमाणे पार पडतं. मग हळदीकुंकू, तिळगूळ आणि चहा. बुद्धिबळ त्यानंतर. दरवर्षी वाण हातात पडलं की निम्मं सभागृह रिकामं होतं, याचं वाईट वाटतं. टिळकवाडीहून आलेल्या मैत्रिणींनी तरी थांबावं, एवढंच म्हणणं आहे.

कारण पुढे बाई बोलतात. खानापूरच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या बाईंचा विषय ठरलेला: बुद्धिबळपटू रोहिणी खाडिलकर. सुरुवात मात्र त्या रोहिणीपासून करत नाहीत, बेंगळूरपासून करतात. 1974 साली महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा तिथे झाली आणि ती जिंकली वासंती खाडिलकरने. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तिघी मुली, वासंती, जयश्री, रोहिणी, एकाच घरातल्या पटावर वाढल्या. जयश्री 1979 मध्ये महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली, हा किताब मिळवणारी पहिली भारतीय. धाकटी रोहिणी 1976 मध्ये, कोवळ्या वयात, राष्ट्रीय विजेती झाली आणि त्याच वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. मोठा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनीच सांगितलं की स्त्रीला स्पर्धेतून अडवता येणार नाही. इथे बाई थोड्या थांबतात. मागच्या रांगेतल्या शाळकरी मुलींची कुजबुजही थांबते.

मग त्या खडू घेतात. फळ्यावर बारा उभ्या रेघा ओढतात आणि शेवटच्या रेघेचा वरचा अर्धा भाग बोटाने पुसतात. 1981, हैदराबाद, आशियाई महिला अजिंक्यपद: बारापैकी साडेअकरा गुण. अकरा डाव जिंकले, एक बरोबरीत, हार एकही नाही. आवाज चढवत नाहीत. 1983 मध्ये क्वालालंपूरला पुन्हा तेच अजिंक्यपद, हे त्या जाता जाता सांगतात, पण आमचे डोळे त्या अर्ध्या रेघेवरच असतात. इतकी वर्षं ऐकूनही दर वेळी गळा दाटून येतोच.

भाषण संपलं की पाहुणी खेळाडू एकाच वेळी वीस मुलींशी खेळते. तयारी दोन दिवस आधीपासून. गुंडाळलेले पट उलट बाजूने गुंडाळून वजनाखाली ठेवावे लागतात, नाहीतर कोपरे वर येतात आणि प्यादी कलंडतात. टेबलं घोड्याच्या नालासारखी लावायची, पाहुणी आतून फिरणार, मुली बाहेर बसणार. पट लावताना उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर पांढरं आहे का, ते आधी बघायचं. ते चुकलं की वजीर आणि राजा हमखास उलटे बसतात. पांढरा वजीर पांढऱ्या घरात, काळा काळ्यात. सगळीकडे पांढरे मोहरे पाहुणीकडे. मुलीने खेळी आधी करून ठेवायची नाही, पाहुणी पटासमोर आल्यावरच करायची. घरी आजोबांकडून देशी पद्धत शिकलेल्या मुली प्याद्याचं पहिलं पाऊल एकच घर टाकतात; त्यांना दोन घरं चालतात हे आधीच सांगावं लागतं. आणि मोठी चूक होते शेवटी: डाव संपत जातात तशी पाहुणी लवकर परत येते, विचाराला वेळ उरत नाही, आणि चांगला लढत आलेला डाव घाईत हातचा जातो.

टेबलं उचलणारे शाळेचे शिपाईमामा, ध्वनिक्षेपक सांभाळणारा वडगावचा मुलगा, कुंद्याचा डबा न सांगता पाठवणाऱ्या खडेबाजारातल्या काकू, कन्नड शाळेतल्या मुलींना नियम कन्नडमध्ये समजावणाऱ्या शेजारच्या अक्का, रांगोळी घालणाऱ्या अनगोळच्या दोघी जावा, बाईंना रात्री खानापूरच्या गाडीत बसवून देणारे काका, या सगळ्यांशिवाय काही उभंच राहत नाही. खुर्च्या भाड्याने देणाऱ्यांनी गेल्या वर्षी पैसे कमी घेतले, तेही लिहायचं राहू नये. आणि हो, घड्याळं दुरुस्त करून देणारे मामा.

सगळे गेल्यावर दोन मुली मागे राहतात. वीस संच, प्रत्येकी बत्तीस, म्हणजे 640 मोहरे मोजून पिशव्यांत भरल्याशिवाय त्या सभागृहाला कुलूप लावू देत नाहीत. फळा मात्र त्या पुसत नाहीत.