एक पुस्तक, एक नोंद

महाराष्ट्रातील एका ग्रंथालयाच्या देवघेव विभागात अनेक वर्षे काढलेली असल्यामुळे, अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात अथेन्स येथे मुलीकडे राहायला आल्यावर मी पहिल्याच आठवड्यात तिच्या ग्रंथालय-कार्डाची चौकशी केली. ते कार्ड केवळ अथेन्सपुरते नाही. 'पाइन्स' या जॉर्जियातील सार्वजनिक ग्रंथालयांच्या संघातील कोणत्याही ग्रंथालयात ते चालते, आणि संयुक्त तालिकेत, म्हणजे सगळ्यांच्या पुस्तकांच्या एकत्रित सूचीत, दिसणारे पुस्तक राज्याच्या दुसऱ्या टोकाला असले तरी आपल्या शाखेत मागवता येते. मी मागितलेले भाजीपाला लागवडीचे पुस्तक फ्लोरिडाच्या सीमेजवळच्या व्हाल्डोस्टाहून आले.

या संघाची सुरुवात १९९९ च्या सुमारास, 'वायटूके'च्या, म्हणजे २००० साल उजाडताच संगणक तारखांत गोंधळतील या, धास्तीमुळे उपलब्ध झालेल्या निधीतून झाली. काही वर्षांतच संघाचा व्याप इतका वाढला की ग्रंथालयाचा कारभार सांभाळणाऱ्या, बाजारातील तयार संगणक प्रणाली अपुऱ्या वाटू लागल्या, तेव्हा राज्याच्या ग्रंथालय सेवेने २००४ मध्ये स्वतःची प्रणाली लिहायला घेतली आणि सप्टेंबर २००६ मध्ये अडीचशेहून अधिक ग्रंथालयांचा कारभार एकदम तिच्यावर आणला. 'एव्हरग्रीन' नावाची ही प्रणाली मुक्त स्रोत, म्हणजे कोणालाही घेऊन वापरता व बदलता येणारी, असल्याने पुढे इंडियाना राज्यातील आणि कॅनडातील ब्रिटिश कोलंबियातील ग्रंथालयांनीही ती स्वीकारली. सरकारी खात्याने स्वतः लिहून घेतलेली आणि इतरांनी आपणहून उचललेली संगणक प्रणाली विरळाच, असे मला वाटते.

तिच्या रचनेतील मला आवडलेली गोष्ट म्हणजे तिने मानलेली उतरंड: वर संघ, त्याखाली ग्रंथालय-व्यवस्था (म्हणजे एकाच कारभाराखालच्या शाखांचा गट), त्याखाली शाखा. पुस्तक किती दिवस द्यायचे, कोणती प्रत बाहेरगावी पाठवायची नाही, असे नियम यांपैकी कोणत्याही पातळीवर लावता येतात. वाचकाची मागणी मात्र सहसा विशिष्ट प्रतीवर न नोंदता तालिकेतील त्या पुस्तकाच्या नोंदीवर नोंदली जाते, आणि त्या नोंदीला जोडलेल्या प्रतींपैकी सोयीची प्रत प्रणाली निवडते.

सगळी मेख या 'नोंदीला जोडलेल्या' शब्दांत आहे. एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी झाल्या, की मागणीच्या रांगाही दोन होतात. माझ्या जुन्या ग्रंथालयाच्या चार शाखा एका संगणकीय तालिकेत आणल्या तेव्हा लेखकाचे नाव एका शाखेने आडनाव आधी घालून, दुसरीने आद्याक्षरांनी, तर तिसरीने संपूर्ण लिहिले होते. एक वाचक पाच आठवडे ज्या पुस्तकाची वाट पाहत होते, ते पलीकडच्या शाखेत दुसऱ्या नोंदीखाली स्वस्थ पडून होते! जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक नसतो, त्यामुळे दोन नोंदी एकाच पुस्तकाच्या आहेत हे यंत्राला आपोआप उमगत नाही. शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठसंख्या ताडून माणसालाच ते ठरवावे लागते. म्हणूनच मोठ्या संघांत नवी नोंद करण्याचा किंवा दोन नोंदी एकत्र करण्याचा अधिकार प्रशिक्षित तालिकाकारांकडे ठेवणे शहाणपणाचे ठरते. बाकीच्यांनी तयार नोंदीला आपली प्रत तेवढी जोडावी. आमच्याकडे हा नियम कोणालाच रुचला नाही, कारण प्रत्येक शाखेला आपली दाखल नोंदवही (आलेले प्रत्येक पुस्तक जीत क्रमाने टिपतात ती वही) हेच अंतिम प्रमाण वाटत असे.

मराठी पुस्तके अमेरिकन तालिकेत शिरतात तेव्हा आणखी एक पेच पडतो. तेथे बहुतेक ठिकाणी लायब्ररी ऑफ काँग्रेस या वॉशिंग्टनमधील मोठ्या ग्रंथालयाची रोमन लिप्यंतराची पद्धत चालते आणि तीत व्यंजनातला 'अ' उच्चारला जात नसला तरी लिहिला जातो, म्हणून तुकाराम हे नाव वाचताना 'तुकारामा' असे दिसते. मूळ देवनागरी मजकूर ठेवण्यासाठी मार्क या संगणकीय नोंदींच्या ठरावीक आराखड्यात ८८० क्रमांकाचे क्षेत्र राखलेले आहे, पण ते भरणे सर्वस्वी तालिकाकारावर अवलंबून असते, आणि जुन्या नोंदींत ते पुष्कळदा रिकामेच आढळते. त्यामुळे अमेरिकेतील कोणतीही तालिका उघडली की मी आधी देवनागरीत शोध घेतो, आणि काही हाती लागले नाही तर रोमन लिपीत टंकून नावाच्या शेवटी एक जादा 'ए' (a) लावतो.