चार भकाके, एक फेरा

आपल्या शाळेत त्या काळी ‘गाडीची पोरं’ असा एक वेगळा गटच होता. निफाड, कसबे सुकेणे, खेरवाडी, ओढा इथून सकाळच्या पॅसेंजरने नाशिकरोडला यायचं आणि दप्तर सावरत शाळेपर्यंत पळत सुटायचं. मी सुकेण्याचा. गावात सातवी करून 1965 साली इथे आठवीला आलो आणि 1969 ला अकरावी मॅट्रिक होऊन बाहेर पडलो. गाडी लेट झाली की आमची प्रार्थना चुकायची, पण त्यासाठी आम्हाला कुणी कधी वर्गाबाहेर उभं केलं नाही. आमचे सदरे सांगायचे ना आम्ही कुठून आलो ते! खिडकीत बसणाऱ्याच्या पांढऱ्या कॉलरवर काजळी ठरलेली, आणि डोळ्यात कोळशाचा कण गेला की शेजारच्याने रुमालाचा बोळा करून त्यावर फुंकर मारायची आणि तो गरम बोळा डोळ्यावर धरायचा.

माझी शाळेची वर्षं आणि आपल्या लाईनवरच्या वाफेच्या इंजिनांची अखेरची वर्षं एकच. मुंबईकडून इगतपुरीपर्यंत वीज 1930 च्या सुमारासच आली होती. कसारा घाटात 37 फुटांमागे एक फूट असा चढ, तिथे विजेची गरज आधी भासली. इगतपुरीला विजेचं इंजिन काढायचे आणि पुढे भुसावळकडे वाफेचं जोडायचे. मालगाड्यांना डब्ल्यूजी जातीचं इंजिन. पंजाब मेलसारख्या गाड्यांना डब्ल्यूपी: निमुळतं गोल नाक, त्यावर रंगवलेला तारा. कधीमधी आमच्या पॅसेंजरलाही डब्ल्यूपी लागायची. त्या दिवशी आम्ही डब्यात न शिरता आधी इंजिनापाशी जायचो. ड्रायव्हरकाका रागवायचे नाहीत. स्टेशनातले हमाल इंजिनाचं गरम पाणी चहाला मागून न्यायचे, तेही ते देत.

गणिताच्या सरांनी आमचं हे वेड ओळखलं. एकदा त्यांनी विचारलं, ‘गाडी निघताना भकाके मोजता का रे?’ आणि फळ्यावर इंजिनाचं पोट उघडून दाखवलं. दोन बाजूंना दोन सिलिंडर. प्रत्येकात वाफ दट्ट्याला एकदा पुढून ढकलते, एकदा मागून. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा वापरलेली वाफ धुराड्यातून बाहेर पडते. तोच भकाका. चार भकाके, एक फेरा. डब्ल्यूपीचं मोठं चाक 67 इंच व्यासाचं. म्हणजे एका फेऱ्यात गाडी साधारण 5.35 मीटर पुढे जाते. सेकंदाला चार भकाके पडले तर वेग किती? ताशी सुमारे 19 किलोमीटर. π हा आकडा मला त्या दिवशी खरा वाटला, पुस्तकातला नाही.

वेग वाढला की भकाके एकमेकांत मिसळतात, मोजता येत नाहीत. मग सरांनी रुळांचे सांधे मोजायला लावले. रूळ 13 मीटरचा. 47 सेकंदांत सांध्यांचे जितके खटके, तितके किलोमीटर ताशी वेग. का, ते आम्हीच सोडवून आणायचं होतं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या डब्यात एकच घड्याळ आणि त्याभोवती डोकी. शेतकरी, भाजीवाल्या मावश्या, लष्करातला एक जवान, सगळे आमच्याबरोबर खटके मोजत होते.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच होती. धुराड्यातून सुटणारी वाफ जाता जाता भट्टीतला धूर खेचून नेते. त्यामुळे भट्टीत ताजी हवा ओढली जाते आणि आग फुलते. म्हणजे ओझं जितकं जास्त, भकाका जितका जोरकस, तितकी आग आपोआप मोठी. फायरमनने कोळसा फावड्याने टाकत राहायचा, बाकीचं इंजिनच सांभाळतं. हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आजही हे लिहिताना तेच होतं.

साठचं दशक संपत आलं आणि लाईनीकडेला खांब उभे राहिले. 25,000 व्होल्टच्या पाट्या लागल्या. फाटकांवर उंचीचे आडवे दांडे बसले, कडब्याच्या उंच गाड्या त्याखाली अडायला लागल्या. वीज आली हे चांगलंच झालं. गाड्या वेगाने धावू लागल्या, सदरे स्वच्छ राहिले, आणि भट्टीसमोर भाजणारी माणसं सुटली. आमचे सरही हळहळत बसले नाहीत. त्यांनी खांबांवरच्या किलोमीटरच्या आकड्यांवरून वेग काढायला शिकवलं. पण विजेचं इंजिन आपलं काम पेटीत बंद ठेवतं. पोराने प्लॅटफॉर्मवर उभं राहून ते कसं चालतं हे पाहावं, ऐकावं, असं बाहेर काहीच नसतं. मला चुटपुट आहे ती याची. मी शाळेतून बाहेर पडलो त्याच्या पुढच्याच वर्षी, 1970 ला, चित्तरंजनच्या कारखान्यातून मोठ्या लाईनचं (ब्रॉडगेजचं) शेवटचं वाफेचं इंजिन बाहेर पडलं. त्याचं नावच ‘अंतिम सितारा’.

मनमाडहून औरंगाबादकडे जाणारी छोटी (मीटरगेज) लाईन मात्र नंतरही बरीच वर्षं वाफेवर होती. मावशीकडे जाताना नगरसूल, रोटेगाव, लासूर अशी स्टेशनं घेत जायचो. एकेरी लाईन, म्हणून पुढे जायच्या परवानगीची खूण असलेला, वेताच्या कड्यातला गोळा चालत्या इंजिनातून झेलायचा. तो झेलणारा हात मी खिडकीतून मान काढून पाहायचो. नव्वदच्या दशकात तिथेही मोठे रूळ पडले.

हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये रेल्वेने जुनी इंजिनं चालती ठेवली आहेत. 1947 साली अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून आलेली ‘आझाद’ ही डब्ल्यूपी तिथलीच. शाळेच्या या महोत्सवी वर्षात दिल्लीची सहल निघणार असेल, तर एक दिवस रेवाडीसाठी ठेवावा, अशी व्यवस्थापनाला माझी मनापासून विनंती आहे. मुलांना आधी फळ्यावर सिलिंडर काढून दाखवावा आणि मग इंजिनाशेजारी उभं करावं. सरांनी शिकवलं तसंच शिकवायला मी बरोबर यायला तयार आहे, आणि गरज पडली तर काही मुलांचा प्रवासखर्चही उचलीन.