कूलर बंद ठेवून वाचवलेले चोवीस रुपये

ही गोष्ट मे २०२४ ची. शेगावला एका लग्नाला आले होते, तिथून अकोला जवळच, म्हटलं आईबाबांकडे एक चक्कर टाकू, फोन वगैरे काही केला नाही. दुपारचे दोन वाजले असतील. त्या आठवड्यात अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला होता, जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हामुळे २५ तारखेला चक्क कलम १४४ लावलं होतं, एवढं ऊन. घराचं दार उघडंच. बाबा ओसरीत बनियनवर, डोक्यावर ओला पंचा, हातात वहीचा पुठ्ठा घेऊन वारा घालत बसलेले. आई आतल्या खोलीत फरशीवर पाणी शिंपडून तिथेच आडवी झालेली. आणि खिडकीत कूलर, बंद.

मी आधी बटण दाबलं. बाबा म्हणाले, "राहू दे बेटा, संध्याकाळी लावतो ना आम्ही तासभर."

मी दर रविवारी पुण्याहून फोन करते, दर वेळी विचारते कूलर लावता ना, आणि दर वेळी "हो हो, लावतो" असं उत्तर येतं. खोटं नव्हतंच ते, तासभर लावतच होते. माझा प्रश्नच चुकीचा होता, किती वेळ लावता हे मी कधी विचारलंच नाही.

संध्याकाळी चहा घेताना आईने देवघराच्या फळीवरून लाइटबिल काढून दाखवलं. २४८ युनिट, अठ्ठावीसशे रुपयांच्या आसपास. बाबांनी तीस वर्षं सूतगिरणीत काढली, आता ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांची पेन्शन मिळते महिन्याला २१५० रुपये. म्हणजे लाइटबिल पेन्शनपेक्षा मोठं. या पेन्शनची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये १००० रुपये ठरली, ती वाढवून द्या म्हणून आमच्या शेजारच्या बुलढाण्यात म्हातारी माणसं साखळी उपोषणाला बसली. बाकी घर चालतं ते फिक्सच्या व्याजावर आणि भाऊ पाठवतो त्यावर. मग बाबांनी काय केलं, तर जे आपल्या हातात आहे ते बंद केलं. कूलर बंद, रात्रीचा बाथरूमचा बल्ब बंद, आईला सांगून ठेवलं की थंडीत गिझर लावायचाच नाही, गॅसवर एकच पातेलं तापवायचं आणि दोघांनी भागवायचं.

मला तेव्हा रडू आलं, पण रडून काय होणार, म्हणून मी वही-पेन घेऊन बसले.

आधी कूलरचा हिशोब. आमचा कूलर १८० वॅटचा. दिवसाला दहा तास चालला तर १.८ युनिट. त्या वर्षीच्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटला ४ रुपये ७१ पैसे आणि १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे वीज आकार होता, वर प्रत्येक युनिटला १ रुपया १७ पैसे वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा), आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे शंभराच्या वरचं एकेक युनिट तेव्हा साधारण सव्वातेरा रुपयांना पडत होतं. कूलर दहा तास म्हणजे दिवसाचे चोवीस रुपये. या चोवीस रुपयांसाठी शहात्तर वर्षांचा माणूस, ज्याला बीपीची गोळी चालू आहे, ४५ डिग्रीत पुठ्ठ्याने वारा घालत होता. वय झालं की तहान कळत नाही, घाम कमी येतो, लघवीच्या गोळ्या चालू असतील तर अंगातलं पाणी आणखी कमी होतं, आणि हे लोक म्हणत राहतात "मले काही गरम नाही होत". त्यांना खरंच तसं वाटतं, म्हणून तर जास्त भीती.

बाथरूमच्या बल्बचं पण सांगते. ९ वॅटचा एलईडी, रात्री दहा तास लावून ठेवला तर एक रुपया वीस पैसे. त्या अंधारात आईचा पाय घसरला असता तर खुब्याच्या ऑपरेशनला किती लागले असते ते बाबांनाच विचारलं. ते काही बोलले नाहीत, त्या रात्री बल्ब चालू राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मग हे बघायला लागले की कूलर बंद असूनसुद्धा २४८ युनिट जातात कुठे. याला काही मशीन लागत नाही. घरातलं सगळं बंद केलं, फक्त फ्रिज चालू ठेवला, मीटरच्या डिस्प्लेवरचा केडब्ल्यूएचचा, म्हणजे युनिटचा आकडा वहीत लिहिला आणि आठ तासांनी परत बघितला (पंख्याशिवाय आठ तास काढायचे होते म्हणून आईला आणि बाबांना शेजारच्या काकूंकडे बसवलं). बरोबर एक युनिट गेलेलं. म्हणजे दिवसाला तीन, महिन्याला नव्वद! फ्रिज आमचा माझ्या लग्नाच्या आधीचा, दाराचं रबर कडक होऊन एका बाजूने सुटलेलं, दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि ओढली तर सरळ बाहेर येत होती. ही कागदाची टेस्ट कुणीही करून बघा. रबर नुसतं बदलूनसुद्धा खूप फरक पडतो आणि ते काही महाग नाही, पण आमच्या फ्रिजचा कॉम्प्रेसरच दमलेला होता म्हणून मी नवीन छोटा सिंगल डोअर घेतला. त्याच्या स्टारच्या लेबलवर वर्षाला दोनशेच्या आत युनिट लिहिलेत. जुना जेवढं दोन महिन्यांत खायचा तेवढं हा वर्षभरात.

मग मोटर. बाबा म्हणाले सकाळ-संध्याकाळ टाकी भरावी लागते. दोन माणसांना एवढं पाणी कशाला? तर संडासाचा फ्लश आतून सतत झिरपत होता. आवाज येत नाही, दिसत नाही, टाकी मात्र रिकामी होते. एक एचपीची मोटर तासभर चालली की एक युनिटच्या जवळपास जातं. प्लंबरने दहा मिनिटांत वायसर बदलला आणि मोटर एका वेळेवर आली. लाइटबिलाचं कारण संडासात सापडेल असं कुणाला वाटलं असतं!

आणि कूलर लावून सुद्धा खोली थंड होत नव्हती, त्यामुळे "लावून काय फायदा" असं बाबांना वाटायचं, ते पण बघितलं. कूलरच्या बाजूच्या ताट्या तीन वर्षं बदललेल्या नव्हत्या, त्यातलं वुडवूल (लाकडाचा कीस) दबून क्षाराने दगड झालेलं. शिवाय गरम झळ आत येऊ नये म्हणून बाबा सगळ्या खिडक्या गच्च बंद करून कूलर लावायचे. एसीला ते बरोबर, कूलरला नाही. कूलरची हवा बाहेर जायला समोरची खिडकी थोडी उघडी हवीच, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो आणि जीव आणखी घाबरतो. आपल्या वऱ्हाडातल्या कोरड्या उन्हात कूलरसारखं दुसरं स्वस्त औषध नाही, कोकणात तो चालत नाही पण इथे चालतो, फक्त नीट लावायला पाहिजे. आणि एक हात जोडून सांगते, पाणी भरताना आधी प्लग काढा. फक्त बटण बंद करू नका, प्लगच काढा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, विशेषतः जुन्या घरांत.

बिलाबद्दल बाबांच्या मनात एक मोठी भीती होती, ती अनेकांच्या मनात असते म्हणून लिहिते. त्यांना वाटायचं ३०० च्या वर एक जरी युनिट गेलं तरी सगळी युनिटं महागड्या दराने लागतात. तसं नाहीये. पहिली शंभर नेहमी पहिल्याच दराने लागतात, पुढची दोनशे दुसऱ्या, आणि ३०० च्या वरची जेवढी असतील तेवढीच तिसऱ्या दराने. ही एक गोष्ट समजल्यावर त्यांचा चेहराच बदलला, कारण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ते त्या आकड्याच्या धाकाने पंखासुद्धा बंद करायचे.

दुसरी भीती म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर येणारं सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल. ते दंड नाही आणि थकबाकी पण नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे ठेव दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी लागते, वापर वाढला की फरक मागतात, आणि त्या ठेवीवर व्याजही मिळतं. पण हे कुणी समोर बसून सांगत नाही, आणि एकटं म्हातारं माणूस दोन बिलं हातात घेऊन रात्रभर जागं राहतं.

याच भीतीचा फायदा चोर घेतात. बाबांच्या सकाळच्या फिरण्यातले एक काका, रिटायर्ड मास्तर. "तुमचं मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाइट कट होईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला, त्यांनी फोन केला, समोरच्याने एक अॅप घ्यायला लावलं आणि अडतीस हजार गेले. काकांनी दोन महिने घरात कुणाला सांगितलं नाही, लाज वाटली म्हणे. लाज कसली हो त्यात! वीज कंपनी साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून असा मेसेज करत नाही, हे आईबाबांना आजच सांगा. बिलाची चौकशी करायची तर महावितरणचा १९१२ आहे, आणि पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० ला फोन. जेवढा लवकर तेवढे पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. आणि कुणाचं कुणीच नसेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे, मराठीत बोलतात.

आता पैशाचं. मी पुण्यात परत आल्यावर ग्राहक क्रमांक टाकून पुढचं बिल मोबाइलवरून भरून टाकलं, वाटलं आता टेन्शन गेलं. बाबांचा फोन आला, आवाज एकदम पडलेला. "माझं बिल तू काहून भरलं?" तेव्हा लक्षात आलं की बिल भरायला जाणं हा त्यांचा महिन्यातला एक बाहेर पडण्याचा दिवस आहे, रांगेत जुने गिरणीतले लोक भेटतात, येताना भाजी आणतात, आणि मुख्य म्हणजे माझं घर मीच चालवतो ही त्यातली भावना. ती मी एका क्लिकने काढून घेतली होती. मग आम्ही ठरवलं, लाइटबिल बाबाच भरणार, त्यांच्याच हाताने. सिलेंडर मी बुक करणार, कारण त्याचा मेसेज माझ्याच फोनवर येतो असं कारण सांगता येतं. एप्रिल २०२५ मध्ये सिलेंडर ५० रुपयांनी वाढला तेव्हा त्यांना ते कळलं पेपरमधून, खिशातून नाही. पैसे द्यायचेत तर असे द्या की समोरच्याला हात पसरल्यासारखं वाटू नये, हे मला बाबांच्या त्या एका वाक्याने शिकवलं.

बाबांना मी दर रविवारी मीटरचं रीडिंग लिहायला सांगितलं. गिरणीत ते शिफ्टचं रजिस्टर ठेवायचे, अक्षर अजून मोत्यासारखं. पहिल्या महिन्यात १९५ युनिट आले, कूलर दुपारी अकरापासून रात्री नऊपर्यंत चालवूनसुद्धा. बिल एकवीसशेच्या घरात. आता फोनवर ते मला आधी रीडिंग सांगतात, मग तब्येत.

पंख्यांचं अजून बाकी आहे. जुना पंखा ७५ वॅट, नवीन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास, दिवसाला अठरा तास चालणाऱ्या पंख्याला हा फरक खूप. एक बसवला, पण तो रिमोटवर चालतो आणि आईला भिंतीवरच्या रेग्युलेटरची सवय, रिमोट उशाखाली जातो, धुण्यात जातो, शेवटी रिमोटला नाडी बांधून खाटेला अडकवलाय. म्हाताऱ्या माणसांसाठी घेणार असाल तर दुकानात विचारा रेग्युलेटरवर चालणारा आहे का.

सोलरचं पण विचारलं बऱ्याच जणांनी. छतावरच्या सोलरसाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आहे, त्यात एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्तला ७८ हजार सबसिडी आहे, स्वतःचं छत असेल तर नक्की विचार करा, एका किलोवॅटवर दिवसाला साधारण चार युनिट तयार होतात. आमचं अडलंय ते बिल अजून आजोबांच्या नावावर आहे म्हणून, आधी नाव बदलून घ्यावं लागेल. आणि पॅनल पुसायला बाबांनी शिडीवर चढायचं नाही, हे मी लिहून घेणार आहे त्यांच्याकडून.

पुढच्या शनिवारी परत जातेय. शेजारच्या काकूंच्या कूलरच्या ताट्या बदलायच्यात, त्या एकट्याच असतात, आणि बाबांनी त्यांच्या फ्रिजला कागदाची टेस्ट करून ठेवलीय, पट्टी सरळ बाहेर आली म्हणे. इलेक्ट्रिशियनला दोन्ही घरांच्या अर्थिंगसाठी सकाळी नऊची वेळ सांगितलीय, ऊन व्हायच्या आत.