चोरबीटीवरचं व्याख्यान

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेला तिकीट नाही, निमंत्रण नाही. मारुतीच्या देवळासमोर सतरंज्या टाकायच्या, मंडपवाल्याचा माइक लावायचा, येईल तो श्रोता. मी ग्रंथपाल, म्हणजे पुस्तकं देण्यापासून सतरंज्या झटकण्यापर्यंत सारं माझ्याकडेच. यंदा मे महिन्यात, ऐन बियाणं खरेदीच्या दिवसांत विषय ठेवला : चोरबीटी लावणं चूक की बरोबर? चोरबीटी म्हणजे परवानगी नसलेलं, चोरून विकलं जाणारं कपाशीचं बियाणं. तणनाशक फवारलं तरी ही कपाशी जळत नाही, म्हणून निंदण, म्हणजे खुरपणी, वाचते. अध्यक्षांना धाकधूक होती. अर्ध्या गावाच्या घरात ती पाकिटं.

वक्ते अकोल्याचे निवृत्त प्राध्यापक. बोंडअळीला तोंड देणाऱ्या बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तणनाशक सोसणाऱ्या या वाणाला मात्र नाही. तरी जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी चोरबीटी जाहीरपणे लावली. सर म्हणाले, उघड कायदा मोडून शिक्षेला तयार राहणं वेगळं आणि रात्री बिनबिलाचं पाकीट घरात आणणं वेगळं. उगवलं नाही तर तक्रार कोणाकडे नेणार? मागे बसलेले, बियाणं विकणारे कृषी केंद्रवाले मोबाइलात डोकं घालून बसले.

प्रश्नांना नेहमीचेच उठले. मजूर मिळत नाही, निंदण परवडत नाही. तेवढ्यात बायकांतून एक काकू उभ्या राहिल्या.

"मजूर भेटत नाई म्हनता, तं आमी कोन हाव?"

हशा पिकला. मला वाटलं, आता मजुरीचं गाऱ्हाणं. पण त्या थांबल्या नाहीत.

"तुमच्या फवाऱ्यानं आमचा निंदनाचा रोज जाते. पन म्या बी दोन एकर मक्त्यानं केलं, त्यात चोरबीटीच लावली. दुसऱ्याच्या वावरात निंदाले गेली तं माह्यं कोन निंदन? सांगा सर, माह्यं चुकलं का?"

सरांनी उलट विचारलं, फवारणीत शेजाऱ्याचं काही गेलं का?

"गेलं नं. वाऱ्यानं त्याच्या तुरीच्या दोन रांगा जयल्या. पायलीभर तूर नेऊन देली. माह्यी अंबाडी, बरबटी बी गेली, भाजी इकत घेतली वर्सभर."

सरांनी तिथंच बोट ठेवलं. आपल्या निर्णयाचा फटका ज्याला बसतो त्याला आधी विचारावं, बसलाच तर भरून द्यावा. कायदा काहीही म्हणो, एवढं तर आपल्या हातात आहे. यावर एक तरुण उसळला, "मंग ट्रॅक्टरवाल्यानं बैलवाल्याले भरपाई द्यावी का? अन् निंदनाऱ्या बायांले आमी?"

आक्षेप चोख होता. सर म्हणाले, जळालेली तूर आणि बुडालेला रोज एका मापानं मोजता येत नाही. मला ते उत्तर तोकडं वाटलं. काकूंनाही. "रोज बुडला तं चूल बुडते, सर," म्हणाल्या आणि बसल्या. मग तासभर वक्त्यांना कोणी विचारलंच नाही, गावच आपसात भांडलं. एरवी आभारप्रदर्शनाला निम्म्या सतरंज्या रिकाम्या असतात.

जाताना काकूंनी मला गाठलं, "बायांचा सैपाक होते तवा तुमचं अर्धं भाषन संपलं रायते." पुढचं व्याख्यान साडेआठला ठेवतोय. विषय मी निंदणाच्या मजुरीचा सुचवलाय. अध्यक्ष अजून हो म्हणत नाहीत, त्यांचं स्वतःचं वावर तीस एकर आहे.