शेवट आधीच सांगून

"याच्यात पण शेवटी तिला घर मिळतं ना? मग मला नको."

फोस्टर कुटुंबात, म्हणजे दत्तक न घेता तात्पुरतं सांभाळणाऱ्या घरात, राहणारी तेरा वर्षांची मुलगी, मी एवढं शोधून आणलेलं पुस्तक न उघडताच परत देत होती. म्हणाली, पिक्चरमधे मुलीला दत्तक घेताना सगळे कोर्टात रडतात, फोटो काढतात आणि संपतं, माझं तर हे तिसरं घर आहे.

मला काही बोलताच आलं नाही. दिवसभर ते "मग मला नको" डोक्यातून जाईना.

संध्याकाळी लेखिका कॅथरिन पॅटरसनचं 'द ग्रेट गिली हॉपकिन्स' हे पुस्तक पुन्हा काढलं, १९७८ चं आहे. पॅटरसननी स्वतः काही काळ दोन फोस्टर मुलं सांभाळली होती आणि ते पानापानात जाणवतं. त्यातली फोस्टर मुलगी गिली चिडकी आहे, खोटं बोलते, पैसे चोरते, आणि जिथे तिला राहायचं असतं ते घर शेवटी सुटतंच, तेही तिनेच रागात लिहिलेल्या एका पत्रामुळे. वाचताना परत घसा दाटला.

उद्या तिला हे देणारे, शेवट आधीच सांगून. घेईल का माहीत नाही.

दत्तक जाणं हाच शेवट नसलेली अजून पुस्तकं, पिक्चर कोणाला माहितीयेत का? प्लीज सांगा.