प्रार्थनेनं बरं होतं, तर दवाखाने कशाला बांधलेत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी ख्रिस्ती आहे हे कळलं की चहा संपायच्या आत हा प्रश्न येतोच: तुमच्यात प्रार्थनेनं आजार बरे होतात म्हणे, मग तुमच्या मिशनवाल्यांनी एवढे दवाखाने कशाला बांधले? कुणी खवचटपणे विचारतं, कुणी घरात आजारी माणूस असल्यामुळे कळवळून. उत्तर दोघांनाही एकच.

प्रार्थना आम्ही करतोच. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी चर्चचे पाळक येतात, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, आणि सकाळी पेशंट थिएटरमध्ये जातो. यात आम्हाला काही वावगं वाटत नाही. लूक, ज्याच्या नावानं बायबलात एक शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र आहे, तो वैद्य होता. बायबलातल्याच कलस्सैकरांस पत्रात त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हटलंय. औषध घेतलं म्हणजे विश्वास कमी पडला, असं म्हणणाऱ्यांनी निदान तेवढं वाचावं.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. येशूनं बऱ्या केलेल्या माणसांच्या गोष्टी सावकाश वाचा. कुष्ठरोग्याला तो शब्दानंही बरं करू शकला असता, पण त्यानं आधी हात लावला. ज्याच्या सावलीलाही लोक उभे राहत नव्हते, त्याला. मग त्याला याजकाकडे, म्हणजे पुरोहिताकडे पाठवलं, कारण याजकानं शुद्ध ठरवल्याशिवाय त्याला गावात घेणार कोण? बारा वर्षं रक्तस्राव सोसणारी बाई तर जवळचं सगळं वैद्यांवर खर्चून बसली होती. (हॉस्पिटलच्या बिलापायी जमीन गहाण टाकलेल्यांना हे वचन समजावून सांगावं लागत नाही.) गर्दीत मागून ती गुपचूप वस्त्राला शिवली आणि बरी झाली. गोष्ट तिथंच संपली असती, पण त्यानं तिला सगळ्यांदेखत बोलतं केलं, ‘मुली’ म्हणून हाक मारली. माणूस माणसांत परत येईपर्यंत त्याच्या लेखी काम पुरं होत नव्हतं.

आणि दहा कुष्ठरोगी बरे झाले त्यातला एकच आभार मानायला परतला. उरलेल्या नऊ जणांचा रोग काही त्यानं परत आणला नाही. सेवेच्या बदल्यात धर्म मागता का, या तुमच्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर मी इथंच देऊन ठेवतो.

आमच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात हे सगळं एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडलंय. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. साठच्या दशकात ते आमच्याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होते. तिथं त्यांच्या ध्यानात आलं की बरे करून पाठवलेले पेशंट तेच दुखणं घेऊन परत येतात, कारण घरी पाणी तेच आणि उपासमारही तीच. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन १९७० साली ते जामखेडला आले. दुष्काळी तालुका, सुरुवात गुरांच्या जुन्या दवाखान्यात. शहरात प्रॅक्टिस काढून बंगला बांधता आला असता, पण तो विषयच त्यांनी बाजूला ठेवला.

त्यांनी गावांना सांगितलं, तुमच्यातली एक बाई निवडून द्या. आलेल्या बायका बहुतेक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, मुलांची वजनं, कुष्ठरोगाचा डाग ओळखणं, हे सगळं त्या शिकल्या. प्रशिक्षणात सगळ्या जातींच्या बायकांचं जेवण आणि मुक्काम एकत्र. दुष्काळात बोअर घेताना ते शक्यतो दलित वस्तीत घेतले जातील असं पाहिलं. हापशाचं पाणी हवं असेल तर आता गावानं तिकडे चालत जायचं! जात पाळायची की तहान भागवायची, हा निर्णय प्रत्येक घरानं हंडा घेऊन करायचा होता. कुणाला बाप्तिस्मा घे म्हटलं गेलं नाही. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण मला त्यापेक्षा हापशाची जागा मोठी वाटते.

पैशाचं म्हणाल तर येशूनं सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट घ्या: लुटारूंनी मारून वाटेत टाकलेल्या अनोळखी माणसाला तो उचलतो. बहुतेक उपदेशांत ती मलमपट्टीपाशीच थांबते. पुढे त्यानं उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार दिले. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. वर सांगितलं, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. अनोळखी माणसासाठी, रक्कम न विचारता! डिपॉझिट भरल्याशिवाय आत न घेणाऱ्या हॉस्पिटलच्या खिडकीपाशी उभं राहिलं की मला हे वाक्य आठवतं, आणि आपल्याच्यानं होईल का, याची शंकाही येते.

चंगाई सभांबद्दलही विचारता, म्हणजे प्रार्थनेनं रोग बरे करतो म्हणणाऱ्यांच्या सभांबद्दल. मी जात नाही. मंचावरून कुबड्या फेकायला लावणारे लोक दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या घरी जात नाहीत, आणि दानाची थैली मात्र रोज फिरते. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि ख्रिस्ती म्हणून मला तो कायदा अजिबात टोचत नाही. इन्सुलिन बंद करा म्हणणाऱ्याला तर मी तोंडावर बोलतो.

तेव्हा आजारी आईला कोणत्या सभेला न्यावं असं विचाराल, तर मी जिल्हा रुग्णालयाचं नाव सांगेन. मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा फुले योजनेत मदत करणारे आरोग्यमित्र तिथं बसतात. सोबत मी येतो. रांगेला वेळ लागतो, प्रार्थना बाकावर बसूनही करता येते. जुने रिपोर्ट घ्या, आणि रेशन कार्डावर आईचं नाव आहे ना, ते आजच बघून ठेवा.