तुम्ही विचारलंत म्हणून: भुलीच्या गॅसने म्हातारी माणसं विसरभोळी होतात का?

वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत कुठल्याही दवाखान्याच्या पायरीवर मला, म्हणजे भूलतज्ज्ञाला, हा प्रश्न गाठतो. “डॉक्टरांनू, बाबांका भूल जास्ती झाली काय ओ? तेव्हापासून सगळा इसारतत.” पूर्वी मी एका दमात सांगून मोकळी व्हायचे, की गॅसचा काही संबंध नाही. आता तसं सांगवत नाही. पण “हो” म्हणायलाही मी तयार नाही, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

हल्ली बहुतेक ठिकाणी गॅस म्हणजे सेव्होफ्लुरेन. पिवळ्या पट्टीच्या व्हेपोरायझरमध्ये, म्हणजे द्रवाची वाफ करून डायलवर लावू तेवढीच सोडणाऱ्या यंत्रात, भरायचं औषध. रक्तात ते फार विरघळत नाही, त्यामुळे डायल बंद केला की आल्या वाटेने श्वासातून बाहेर पडू लागतं. शरीरात मोडतं ते २ ते ५ टक्के. जुन्या हॅलोथेनचा सुमारे पाचवा हिस्सा मोडायचा आणि क्वचित कुणाचं यकृत धरायचा. लोकांच्या मनातली धास्ती बरीचशी त्या काळातली आहे. महिनाभर मेंदूत गॅस “साचून” राहत नाही, एवढं ठामपणे सांगते.

मात्र “जास्ती” होऊ शकते. सुरी लावल्यावर निम्मी माणसं हलत नाहीत त्या प्रमाणाला आम्ही मॅक म्हणतो. सेव्होफ्लुरेनचा हा आकडा चाळिशीत १.८ टक्क्यांच्या आसपास असतो आणि पुढे दर दहा वर्षांनी सुमारे ६ टक्क्यांनी उतरतो. ऐंशीच्या माणसाला १.४ म्हणजे पूर्ण मॅक. सोबत फेंटानिलसारखं जोरदार वेदनाशामक दिलं असेल तर त्याहून कमी पुरतं. डायल सवयीने दोनवर ठेवला तर आजोबा गरजेपेक्षा खोल जातात, आणि बीपी कोसळतं.

आता ज्यांच्यामुळे माझं जुनं उत्तर मोडलं, त्यांच्याविषयी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा, रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, आयुष्य गेलेले. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात मागीलदारच्या शेवाळलेल्या चिऱ्यावरून घसरले, खुबा मोडला. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी, चालू. मणक्यात भुलीचं इंजेक्शन द्यायचं तर तिथे रक्तस्राव होऊ नये म्हणून ती गोळी बंद करून पाच ते सात दिवस थांबायला हवं, आणि मोडक्या खुब्याने म्हातारं माणूस तेवढे दिवस खाटेवर पडलं की छाती भरते, पाठीला जखमा होतात. म्हणून गॅस. झोपवल्यावर वरचं बीपी ८४ झालं, बीपी चढवणाऱ्या फेनिलेफ्रिनने सहा मिनिटांत जागेवर आलं. पुढे दीड तास उच्छ्वासातला गॅस १.१ ते १.२ टक्के. संपल्यावर डोळे उघडून त्यांनी विचारलं, “झाला काय?” सगळ्यांना हायसं वाटलं.

दुसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला त्यांनी लघवीची नळी उपसली. अंगावरची चादर दोन्ही मुठींनी ओढत होते, हातभर ओढायची, कुशीत दाबायची, पुन्हा पुढे हात. “वडा रे वडा, रापण भायर येता!” सुनेला ओळखेनात. घरच्यांनी म्हटलं, वात झाला. रात्रपाळीने हात रोलर बँडेजने खाटेला बांधले, झोपेचं इंजेक्शन दिलं. पहाटेपर्यंत मनगटं सोलवटली आणि भ्रम दुप्पट झाला.

सकाळी एकेक धागा सापडत गेला. रक्तातलं सोडियम घसरून १२४, बीपीच्या गोळीतल्या पाणी काढणाऱ्या औषधाने. घरी रोज रात्री झोपेची अर्धी गोळी, अल्प्राझोलाम, कित्येक वर्षांची. ती कुणी सांगितली नव्हती आणि पडल्या दिवसापासून अचानक तुटली. चार दिवस पोट साफ नाही. दुखण्यावर औषध तोकडं. चष्मा आणि कानातलं मशीन घरच्या फडताळात. खोलीला खिडकी नाही, ट्यूबलाइट रात्रभर. हात सोडले. सोडियम सावकाश चढवलं, चोवीस तासांत आठाच्या वर नाही, कारण घाईने मेंदूलाच इजा होते. चष्मा आला, नातू उशाशी बसला. चौथ्या दिवशी भ्रम उतरला.

पण पूर्वीचे आजोबा परतले नाहीत. जाळ्याची गाठ बोटांना आठवेना. आणि मग सून हळूच म्हणाली, शिमग्यानंतर ते दोनदा बाजारातून घरची वाट चुकले होते. ऑपरेशनच्या आधी हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नव्हतं.

संशोधन काय म्हणतं? १९९८ साली साठीवरच्या १२१८ रुग्णांचा अभ्यास आला. मोठ्या ऑपरेशननंतर आठवड्याने २५.८ टक्क्यांची आकलनशक्ती घसरलेली, तीन महिन्यांनी ९.९ टक्क्यांची. पडलेल्या बीपीशी संबंध सापडला नाही. मग २०२१ मध्ये खुब्याच्या १६०० रुग्णांत मणक्यातली भूल आणि पूर्ण भूल ताडून पाहिली. भ्रम झाला तो २०.५ आणि १९.७ टक्क्यांना, म्हणजे फरक नाहीच. आजोबांना मणक्यातून भूल दिली असती तरी कदाचित तीच रात्र आली असती.

इथे थांबले असते तर माझं जुनं “नाही” शाबूत राहिलं असतं. पण कपाळावर पट्टी लावून मेंदूच्या लहरी मोजतात, त्या आकड्यावर ५१५ रुग्णांची तुलना झाली. हलक्या भुलीत, म्हणजे आकडा ५० ठेवल्यावर, भ्रम १९ टक्के. खोल भुलीत, ३५ वर, २८ टक्के. उलट २०१९ च्या १२३२ रुग्णांच्या अभ्यासात लहरी पाहून भूल बेतली तरी भ्रम कमी झाला नाही: लहरी पाहून २६ टक्के, नेहमीच्या पद्धतीने २३. दोन्ही अभ्यास चांगले आहेत आणि मी दोन्हींपैकी एकही टाकून देऊ शकत नाही. आजोबांच्या वेळी ती पट्टी तिथे नव्हती. त्यांचा आकडा ५० होता की ३५, हे आता कुणालाच कळणार नाही.

एक मात्र बदललं. साठीच्या वरच्या प्रत्येकाला आदल्या दिवशी तीन शब्द सांगते: नारळ, होडी, कंदील. मग घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगते, आणि नंतर तेच शब्द परत विचारते. तीन मिनिटांचं काम. शब्द निसटले, काटे चुकले, तर नातेवाइकांना तेव्हाच बाजूला घेऊन सांगते की रात्री भ्रम होऊ शकतो, घरचं एक माणूस उशाशी हवं. येताना चष्मा, कानातलं मशीन, कवळी आणा. गोळ्यांची अख्खी पिशवी आणा, झोपेची अर्धी गोळीसुद्धा. आणि बाबा वाट चुकले असतील, तर ते ऑपरेशनच्या आधी सांगा.